गिलाव्यावरचा पडदा

चुन्याचा गिलावा करणं म्हणजे असं काय मोठं असतं? चुना घ्यायचा, कुजवलेला पेंढा घ्यायचा, पाणी घालून कालवायचं आणि भिंतीला थापायचं. मी कात्सुओ मासा धरणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी होतो. बोट एका कुशीवर कललेली, चुलीवरचं पातेलं दोरीने बांधलेलं, अशा वेळी मी वीस-पंचवीस धटिंगणांचा भात शिजवलाय आणि एकाच्याही दाताखाली खडा आलेला नाही. जन्मभर कालवाकालव केलेल्या माणसाला भिंत काय शिकवणार?

हे सगळं मी बायकोला ऐकवलं तेव्हा ती अंथरुणावर पडून माझ्याकडे बघत होती.

"अहो, भिंत म्हणजे भात नव्हे," इसोए म्हणाली. "भात बिघडला की तुम्ही वर मिसोचं सार ओतता आणि लोक गिळतात. भिंतीवर काय ओताल?"

आमच्या इसोएचं तोंड असंच आहे. होतं म्हणायला पाहिजे, पण मला अजून सवय झालेली नाही.

हिवाळा संपता संपता डॉक्टरांनी तिला घरी पाठवलं होतं. बरी झाली म्हणून नव्हे. "त्यांना घरीच राहायचंय, तर घरी न्या," एवढंच ते म्हणाले आणि माझ्याकडे न बघता पेनाला टोपण लावत बसले. मी तिचं अंथरूण ओसरीच्या काचेच्या दाराशी घातलं. म्हटलं ऊन मिळेल, अंगण दिसेल. अंगण दिसलं खरं, पण अंगणापलीकडे आमचं कोठार आणि कोठाराची ती भिंत. गेल्या शरदातल्या वादळाने तिचा अर्धा गिलावा सोलून नेला होता. आतली माती, बांबूच्या कामट्या, सगळं बाहेर. खरूज झालेल्या कुत्र्यासारखी दिसत होती बिचारी.

"सकाळी डोळे उघडले की ही," इसोए म्हणाली. "माझ्या मयतीला माणसं येतील, अंगणात उभी राहतील. भिक्षूंचं मंत्र म्हणणं संपेपर्यंत बघायला दुसरं आहे काय? हिच्याकडेच बघतील. म्हणतील, इसोएच्या घरात पुरुषमाणूस नव्हतं वाटतं."

"मयतीचं बोलू नकोस."

"मग कशाचं बोलू? भिंतीचंच बोलतेय मी."

तिला माझ्याकडून दुसरं काही नको होतं. औषधं नको, मोठं इस्पितळ नको, ओसाकाहून मुलीला बोलावणं नको, "तिचा संसार आहे, तिला कशाला धावपळ." फक्त ती जाण्याआधी भिंत माणसात आलेली हवी. बायकोने आयुष्यात मागितलं तेच मुळी इतकं थोडं, आणि तेही गवंड्याकडून व्हायचं काम. गवंडी तर वादळाने पडलेल्या भिंती लिंपत किनाराभर फिरत होता. म्हणाला, उन्हाळ्यानंतर बघू. उन्हाळ्यानंतर. मी फोन ठेवला आणि इसोएला सांगितलं, "मीच करतो. अशी पांढरी शुभ्र करून दाखवतो की तुला डोळे मिटून घ्यावे लागतील."

मग वरचा भाताचा संवाद झाला.

कुजवलेला पेंढा मिळाला कुमोनकडे. त्या वर्षी आमच्या वाडीची कारभारकी कुमोनकडे होती. कारभारकी म्हणजे गटारं साफ करवून घेणं, सणाला वर्गणी मागणं, आणि कोणी गेलं की चार माणसं गोळा करणं. त्याच्या पडवीत पिंपभर पेंढा मुरत पडला होता. झाकण उघडलं तर असा वास आला की आम्ही दोघं मागे सरलो.

"झालाय," कुमोन नाक धरून म्हणाला. "असाच लागतो. यात चुना घाल, मळ, आणि मुरू दे काही दिवस. घाई करू नकोस तेरु."

घाई करू नकोस, म्हणे. ज्याच्या घरात काचेच्या दाराशी अंथरूण घातलेलं असतं त्याने घाई करायची नाही तर कोणी करायची? मी पेंढा, चुना आणि पाणी बोटीवरच्या जुन्या लाकडी टाकीत ओतलं आणि वल्ह्याने ढवळायला लागलो. दाट झालं असं वाटलं की पाणी, पातळ झालं असं वाटलं की चुना. शेवटी बोटीवर मिसोचं सार ज्या बेताचं ठेवायचो त्या बेतावर आणून थांबलो. थापीवर घेतलं आणि भिंतीवर जोरात मारलं.

ते भिंतीला चिकटलं. मी इसोएकडे वळून ऐटीत हात वर केला. तेवढ्यात ते सगळंच्या सगळं, एका तुकड्यात, भिंतीवरून निघालं आणि माझ्या टोपीवर येऊन बसलं.

काचेच्या आतून आवाज आला. आधी मला वाटलं तिला खोकल्याची उबळ आली, म्हणून मी चुन्याने निथळत ओसरीकडे धावलो. ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. इस्पितळात गेल्यापासून मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मी ओसरीच्या पायरीवर उभा राहिलो आणि मलाही हसू यायला लागलं, पण ते नीट हसू नव्हतं, म्हणून मी पाठ फिरवली.

"भिंत आधी ओली करायची असते," हसू ओसरल्यावर ती म्हणाली. "कोरडी माती पाणी पिते. सगळ्या जगाला माहीत आहे."

"मला माहीत होतं. तुला हसवायला केलं."

"हो का? मग अजून एकदा करा."

त्या दिवशी तीन वेळा झालं, त्यातलं एकही मी मुद्दाम केलं नव्हतं. पण पुढच्या काही दिवसांत हात बसला. मिश्रण टाकीत जरा मुरलं, दाट झालं, लोण्यासारखं थापीवरून उतरायला लागलं. मी भिंतीवर पाणी मारायचो, तळापासून वर लावत न्यायचो, दाबून घोटायचो. इसोए दाराशी पडून बोट दाखवायची, "तिथे पोट आलंय," "तिकडे राहिलं." मी म्हणायचो, "गप्प पड." ती गप्प पडायची नाही. असे ते दिवस होते आणि खरं सांगतो, चांगले होते.

पहिला हात पूर्ण झाला त्या दुपारी वारा फिरला. वसंतातला तो समुद्रावरचा कोरडा वारा, आणि वर लखलखीत ऊन. गिलाव्याला हे दोन्ही नको असतं. तो हळूहळू, सावलीत सुकायला हवा, नाहीतर वरून आवळतो आणि फाटतो. मी जेवायला बसलो होतो तो उठून बघतो तर भिंतीवर केसांएवढ्या रेघा उमटायला लागल्या होत्या. पंधरा मिनिटांत भिंतीचं वाळलेलं डबकं झालं असतं.

काहीतरी लांबलचक कापड हवं होतं, आत्ताच्या आत्ता. चादरी? घरातल्या सगळ्या चादरी इसोएखाली आलटून पालटून लागत होत्या. मासेमारीचं जाळं? त्यातून ऊन येतंच. मी कोठारात घुसलो. तिथे वाडीची सामायिक पेटी होती, पाळीपाळीने एकेका घरात ठेवतात ती. तिच्यात मयतीच्या जेवणाचे वाडगे, पेले, उदबत्तीदाण्या, आणि तळाशी घडी घातलेला तो पडदा. काळे पट्टे, पांढरे पट्टे, भरपूर रुंद. मयत झालेल्या घरी दर्शनी बाजूला लावतात तो.

आता तुम्ही म्हणाल, तेरुशिगे, तू काय परदेशातून आलास? लहान पोराला माहीत असतं हा पडदा कशाला लावतात. मलाही माहीत होतं. पण कोठाराची ती भिंत रस्त्यावरून दिसत नाही, अंगणातून आणि मागच्या डोंगरावरून तेवढी दिसते. डोंगरावर कोण आहे? बिवाच्या फळांची झाडं आहेत. झाडांना काय कळतंय?

मी शिडी लावली, पडदा वळचणीखाली दोरीने ताणला, बोटीवरच्या गाठी मारल्या. इतका बरोबर बसला की मापून शिवलाय वाटावं. वर पाण्याचा फवारा मारला. इसोए दुपारच्या गोळ्या घेऊन गाढ झोपली होती, त्यामुळे तिला विचारायचा प्रश्न नव्हता. वरचं टोक बांधताना छपरावरचा सुका चुना माझ्या डोळ्यांत गेला. मी डोळे धुतले, चोळले, पुन्हा धुतले. आग होत होती आणि पाणी थांबत नव्हतं.

डोंगरावर बिवाची झाडं होती हे खरं. पण तो महिना फळांना कागदी पिशव्या बांधण्याचा. प्रत्येक झाडाखाली एकेक बाई, आणि सगळ्यात पुढच्या झाडावर शिडी लावून आमच्या वाडीची हात्सुमे. तिने खाली बघितलं. काळा-पांढरा पडदा. आणि पडद्यापुढे कोण, तर तेरुदादा, चेहरा पांढराफटक, दोन्ही हातांनी डोळे पुसतोय.

ती शिडीवरून उतरून तडक कुमोनकडे धावली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं कळलं की खांबावरचा गावचा भोंगा खरखरला. वादळ आलं, त्सुनामी आली की वाजतो तो. कोणी गेलं तरी वाजतो. त्यातून कुमोनचा आवाज आला, जरा घोगरा.

"कळवायला अतिशय दुःख होतं की आपल्या वाडीतल्या कुसुनोसे इसोए यांचं आज निधन झालं..."

मी शिडीवरून पडलो नाही ही देवाची कृपा. आधी धावलो ओसरीकडे. काचेला नाक लावून बघितलं. छाती वर-खाली होत होती. मग तसाच रस्त्याला लागलो, कुमोनच्या घराकडे, भोंगा बंद करायला. अंगभर चुना, डोळे लाल, पायात एकच बूट. वाटेत जो भेटेल तो थांबून वाकत होता. कुमोन मला अर्ध्या वाटेत भेटला, काळा कोट चढवत येत होता.

"अरे ती जिवंत आहे," मी ओरडलो.

कुमोनने माझा खांदा धरला. "असतेच रे. आपल्या सगळ्यांच्या मनात असतेच."

"मनात नाही, ओसरीवर आहे!"

"ओसरीवरही दिसेल काही दिवस," तो डोळे पुसत म्हणाला. "माझी आई गेली तेव्हा मला ती मोरीशी भांडी घासताना दिसायची."

"कुमोन, गाढवा, मी गिलावा करतोय!"

"कर, कर. कामात मन रमव," तो म्हणाला आणि मागच्या दोघांना हळूच सांगितलं, "एकटा सोडू नका याला." त्या दोघांनी मला दोन्ही काखांत धरलं आणि मिरवणुकीसारखं माझ्याच घरी आणलं. वाटेभर मी ओरडत होतो आणि वाटेभर ते म्हणत होते, "हो हो, तेरुदादा, हो."

आम्ही पोचेपर्यंत बायका पुढे जाऊन पोचल्या होत्या. आमच्या वाडीत दुःख काय आणि आनंद काय, आधी जेवणाची ताटं निघतात. दुसऱ्या दिवशीच्या मंदिराच्या जेवणासाठी घरोघर आंबट भात तयार होताच, तो तसाच उचलून आणला होता. बांबूच्या कोंबांत भरलेला भात, युझू लिंबाच्या रसाचा वास, परातीएवढी ताटं खोलीच्या कडेला ओळीने. हात्सुमेने इसोएच्या उशाशी उदबत्ती लावली होती. शेजारी गेलेल्या माणसासाठी ठेवतात तो भाताचा वाडगा, शीग लावून भरलेला, मधोमध जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचलेल्या. आणि इसोए त्या सगळ्याच्या मधे सरळ पडलेली, डोळे मिटून, पांघरूण हनुवटीपर्यंत. खोटं का बोलू, एक क्षण मलाही खरं वाटलं. मी दारातच बसलो.

कुमोन पुढे झाला, गुडघे टेकून बसला. कारभारी म्हणून दोन शब्द बोलणं त्याच्याकडे होतं.

"इसोएवहिनी म्हणजे आपल्या वाडीची माउली," तो म्हणाला. "सगळ्यांना हवंनको बघणारी. आयुष्यात कधी कोणाला टोचून बोलली नाही."

खोलीत कोणी वर बघेना. प्रत्येकाला काही ना काही आठवत असणार.

"कुमोन," अंथरुणातून आवाज आला, "उदबत्तीसमोर तरी खोटं बोलू नका."

हात्सुमे मागे सरली ती थेट भाताच्या ताटात बसली. कुमोन तसाच गुडघ्यांवर राहिला, तोंड उघडं. इसोएने मान वळवली, उशाशी ठेवलेला वाडगा बघितला, बोटांनी दोन शितं उचलून चाखली.

"भात कच्चा आहे," ती म्हणाली. "हे कोणी शिजवलं?"

मी दारात बसून रडत होतो आणि या वेळी त्यात चुन्याचा काही हात नव्हता.

कोणाला काय करावं कळेना. मग कुमोनने कपाळ जमिनीला टेकवलं आणि माफी मागायला लागला, त्याच्यामागे सगळी खोली वाकली. इसोए म्हणाली, "उठा. मला उशी लावून बसवा. मी केव्हाची जागी आहे. म्हटलं ऐकावं जरा, नंतर काही ऐकायला मिळत नाही."

ते निघायला लागले तर तिने जाऊ दिलं नाही. "आलाच आहात तर जेवून जा. कोणी काय करून आणलंय ते मला आत्ताच कळू दे. आणि उदबत्त्या ठेवूनच जा, दुसरा हेलपाटा वाचेल."

त्या संध्याकाळी आमच्या घरात जेवण झालं. इसोएने साके दारूचा एक घोट घेतला, अर्धा कोंब खाल्ला. कोणी मोठ्याने हसायचं आणि मग एकदम गप्प व्हायचं. हात्सुमे भाताने भरलेल्या कपड्यांनीच तिच्याजवळ सरकली. म्हणाली, "वहिनी, माझं पहिलं मूल गेलं तेव्हा तुम्ही महिनाभर रोज येऊन माझ्याजवळ बसायचात. काही बोलायचा नाहीत. ते मी आज बोलणार होते. तुम्ही झोपलेल्या असताना."

"बोल की. झोपलेली आहे असं समज."

"तेवढंच होतं."

"मी परत निघताना तू मला मुळे द्यायचीस," इसोए तिचा हात धरत म्हणाली. "अर्धे किडके असायचे."

हात्सुमेचं मूल गेल्याचं मला ठाऊक होतं. इसोए महिनाभर तिच्याकडे जात होती, हे मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं. तेव्हा मी कुठे होतो ते विचारू नका. कात्सुओ वसंतात वर सरकतात, शरदात परत फिरतात, आणि त्यांच्या मागे मीही. असं एकेक जण सांगत गेला आणि मी माझ्या बायकोची ओळख करून घेत बसलो, पाहुण्यासारखा.

भानगड इथे संपली असती, पण कुमोनने काम चोख केलं होतं. भोंग्यावर सांगायच्या आधी त्याने ओसाकाला फोन केला होता. दुसऱ्या सकाळी आमची चिनामी आली, काळ्या कपड्यांत, जहाजात रात्रभर रडून डोळे सुजलेली. दार सरकवलं तर समोर आई मिसोचं सार पीत बसलेली.

"ये," इसोए म्हणाली. "वाळलीस गं."

चिनामी आईच्या गळ्यात पडली. मग उठली, माझ्याकडे आली आणि मला जे बोलली ते मी इथे लिहीत नाही. बोटीवरच्या माणसांनासुद्धा ते शब्द नवे वाटले असते. तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. पण राहिली. आईचे केस विंचरले, पाय चेपले, दोघी दार लावून काय काय बोलत राहिल्या.

"तुमच्या पडद्याने पोरगी तरी आली," ती परत गेल्यावर इसोए म्हणाली.

या गडबडीत पडद्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. पाण्याचा फवारा मारायचा राहिला होता. मी गाठी सोडून पडदा उतरवला तर भिंत भेगाळली होती, आणि नुसती भेगाळली नव्हती, पिवळी होती. पिकल्या भोपळ्यासारखी पिवळी. भेगा मी पुढच्या दिवसांत दाबून, घोटून बुजवल्या. पिवळ्याला काय करणार? पेंढ्याचं पाणी चुन्यात उतरतं तो रंग असतो. उन्हाने उडतो, भिंत पांढरी होत जाते, हे आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक. मलाही ठाऊक होतं. फक्त किती दिवसांनी, ते ठाऊक नव्हतं. मी आपला धरून चाललो होतो की चार-आठ दिवसांत होत असेल. कुमोनला विचारलं. तो भिंतीकडे बघत राहिला, माझ्याकडे बघेना.

"ऊन चांगलं पडलं तर पुढच्या वसंतात," तो म्हणाला.

मी घरी येऊन काचेच्या दाराशी बसलो. इसोए भिंत बघत होती.

"पांढरी म्हणाला होतात."

"होईल. लवकरच."

"मला माहीत आहे हो किती लागतं," ती म्हणाली. "मागे भिंत लिंपली की तुम्ही बोटीवरून माघारी यायचात तेव्हा ती पांढरी झालेली असायची. पिवळीची पांढरी होताना मीच बघायचे. इथेच होते ना मी."

  मी विचारलं, "तर आधीच सांगितलं का नाहीस? मी उगाच बढाया मारत होतो."

"सांगितलं असतं तर तुम्ही केलीच नसती." तिने चुन्याने तडकलेला माझा हात आपल्याकडे ओढला आणि बोटं बघितली. "दिवसभर घरात असलेले तुम्ही मला कधी बघायला मिळाला होतात? पिवळी तर पिवळी. पोट कुठे आलेलं नाही. लोकांसमोर चालेल."

पावसाळा लागला, बिवा पिकले, आणि एका सकाळी इसोए गेली. उजाडता उजाडता. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, कागद दिला आणि वाकून गेले. त्यांची गाडी आमच्याकडे रोजच यायची, त्यामुळे ती बघून कोणाला काही वाटलं नाही.

मी आधी चिनामीला फोन लावला. म्हटलं, "आई गेली."

"बाबा," ती झोपेतून म्हणाली, "या वेळी काय? दुसरा हात का?" थोडी हसलीही. "आईला द्या फोन."

मी फोन धरून उभा राहिलो.

"बाबा. आईला द्या ना."

मला तिला काहीच सांगावं लागलं नाही. मी नुसता उभा राहिलो आणि तिला कळलं. नंतर कितीतरी वेळ फोनमधून तिच्या रडण्याचा आवाज येत होता आणि मी "हो, हो" म्हणत होतो.

मग मी पेटीतून तो पडदा काढला आणि या वेळी जिथे लावायचा असतो तिथेच, फाटकाशी, दर्शनी बाजूला लावला. कुमोनला निरोप दिला नाही. मागच्या वेळी कुठे द्यावा लागला होता? पडदा बघतील आणि येतील.

बिवा वेचायला निघालेली हात्सुमे टोपली घेऊन फाटकाशी थांबली. "तेरुदादा, पावसाळ्यात कसला गिलावा काढलात? सुकायचा नाही हो. आणि हा पडदा काढा, लोक पुन्हा घाबरतील." मी तोंड उघडेपर्यंत ती चढणीला लागली होती. मग कुमोन स्कूटरवरून गेला. थांबलासुद्धा नाही, जाता जाता ओरडला, "दुसरा हात का, तेरु?"

"हो," मी म्हणालो.

संध्याकाळी त्याला खरं कळलं तेव्हा तो माझ्यावर खूप चिडला आणि मग फाटकाचा खांब धरून रडला. त्याचं बरोबरच होतं. पण पहिल्या वेळी ती जिवंत आहे म्हणून मी घसा फोडून ओरडत होतो तेव्हा कोणी ऐकलं नाही, आणि या वेळी एकदाच "हो" म्हणालो तर अख्ख्या वाडीने ऐकलं, त्याला मी काय करू? मला एवढंच वाटलं की आता सांगितलं की सगळे येतील, ताटं येतील, भिक्षू येतील, आणि ती सगळ्यांची होईल. ते व्हायलाच हवं. पण थोड्या वेळाने झालं तर चालेल.

मी काचेचं दार उघडलं आणि तिच्याजवळ जाऊन बसलो. समोर भिंत होती, पावसाने भिजून आणखीच पिवळी. असं शेजारी बसून बोलायची मला सवय नाही, म्हणून मी आपला गिलाव्याबद्दलच बोलत राहिलो. म्हटलं, पुढच्या वर्षी गवंडी बोलावून दुसरा हात देतो. म्हटलं, कोरड्या भिंतीवरच मारायचा असतो, पाणी बिणी काही लागत नाही. तरी काही नाही. मग पेंढ्याचं आणि चुन्याचं प्रमाण सांगितलं, मुद्दाम सगळं उलटंसुलटं करून, आणि तिच्या तोंडाकडे बघत बसलो. तिने काही दुरुस्त केलं नाही.